कॉल महापेपर्यंत पोहोचतच नव्हता

"मॅडम, आमच्या बाजूने सगळं क्लिअर आहे. फॉल्ट पाटलांच्या मशीनमध्ये आहे," मेहता म्हणाले.

मेहता एका मोठ्या मोबाइल कंपनीचे रेग्युलेटरी मॅनेजर. समोर बसलेल्या पाटलांची महापेला छोटी ब्रॉडबँड कंपनी. मी टेलिकॉमचं नियमन करणाऱ्या सरकारी ऑफिसात इंजिनिअर आहे, बेलापूरला. पाटलांची तक्रार माझ्याकडे आली होती, म्हणून दोघांना बोलावलं होतं.

वाशीच्या एपीएमसी मार्केटमधले जुने, तांब्याच्या तारेवरचे फोन बंद होत चालले होते. पाटलांनी व्यापाऱ्यांच्या गाळ्यांत फायबर नेलं आणि त्याच फायबरवर टेलिफोनही दिला. पण मेहतांच्या मोबाइलवरून या फोनवर सकाळी, ऐन धंद्याच्या वेळी, कॉल लागायचा नाही. 'सर्व लाइन्स व्यस्त आहेत' एवढंच ऐकू यायचं. गिऱ्हाइकं पाटलांना सोडून जायला लागली होती.

"माझी मशीन चांगली हाय मॅडम," पाटील म्हणाले. ते घणसोलीचे, बोलणं गावचंच ठेवलेलं. "कॉल येतच नाय तं मी उचलू काय?"

दोन कंपन्यांची नेटवर्क्स जिथे एकमेकांना जोडलेली असतात, त्या जोडाला इंटरकनेक्ट म्हणतात. जोडावर जेवढ्या वाटा, तेवढेच कॉल एका वेळी जातात. वाटा भरल्या की पुढचा कॉल तिथेच संपतो. त्यामुळे प्रश्न एवढाच होता, की कॉल पडतो कुठे.

मी जॉइंट टेस्ट लावली. एकच कॉल दोन्ही कंपन्यांच्या इंजिनिअरनी एकाच वेळी आपापल्या स्क्रीनवर बघायचा. पाटलांच्या मशीनपर्यंत येऊन पडला तर दोष पाटलांचा. तिथवर आलाच नाही तर मेहतांचा.

टेस्टसाठी मी कांदा-बटाटा मार्केटमध्ये सुनीता डुंबरे यांच्या गाळ्यावर गेले. सुनीताताई वडिलांनंतर गाळा सांभाळतात. बाहेर गोणी उतरत होत्या. मी मोबाइलवरून त्यांच्या टेबलावरचा फोन लावत राहिले आणि बहुतेक वेळा व्यस्तचा संदेश ऐकत राहिले. महापेहून पाटलांच्या इंजिनिअरने सांगितलं, "मॅडम, इथे काहीच आलं नाही." मेहतांच्या इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, "जोडावरच पडतोय."

मी निघणार तेवढ्यात सुनीताताई म्हणाल्या, "मॅडम, आमी आता फोन सोडून ॲपवरच बोलतो. पण तेही गंमतच आहे. या पाटलांच्या वायफायवर आवाज तुटतो, मोबाइलच्या नेटवर नीट येतो."

"व्हिडिओ बघताना अडकतो का?"

"नाही, व्हिडिओ मस्त चालतो."

मी परत खुर्चीवर बसले. नेट कमजोर असेल तर आधी व्हिडिओ अडकतो. फक्त बोलणंच तुटत असेल, तर कुणीतरी मुद्दाम तोडतंय. लॅपटॉप जोडून तीही टेस्ट घेतली. ॲपवरचे कॉल पाटलांच्या नेटवर्कमध्ये दाबले जात होते.

तिथून मी थेट महापेला गेले. पाटलांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"लोकं ॲपवर गेली तं मी टेलिफोन कोनाला इकू? थोडा स्लो केला, बंद नाय केला."

"नेट घेतलं की त्यावर काय चालवायचं हे गिऱ्हाईक ठरवणार. तुम्ही नाही. हे लिहावं लागेल मला."

"तक्रार माझी, आनि लिवनार माझ्याच इरोधात?"

"दोघांच्याही."

ऑफिसात आमचे डायरेक्टर कुलकर्णी सर म्हणाले, "तक्रारदाराचंच घोंगडं अडकवलंस तर मेहता त्याचा फायदा घेईल. ते वेगळं प्रकरण करू, नंतर."

"सर, नंतर कळलं तर म्हणतील आपण झाकलं. एकत्रच जाऊ दे."

सरांनी रिपोर्टवर सही केली. खूश नव्हते.

पुढच्या मीटिंगला मेहतांनी अपेक्षेप्रमाणे पाटलांचीच चूक आधी काढली. "हे स्वतः नियम मोडतात आणि आमच्याकडे बोट दाखवतात."

"त्यांचं त्यांना सुधारावं लागेल. तुमचं बोला. जोडावर वाटा का वाढवत नाही?"

"वाटा वाढवायला लागतात ती जुन्या टाइपची कार्डंच आता येत नाहीत. आम्ही सगळं आयपीवर नेलंय." आयपी म्हणजे ज्या पद्धतीने इंटरनेट चालतं ती पद्धत.

"पाटलांनी आयपीवर जोड मागितलाय."

"त्याची पॉलिसी अजून अप्रूव्ह नाही."

म्हणजे जुनी वाट वाढणार नाही आणि नवी मिळणार नाही. मला याचीच शंका होती.

"दुसऱ्या मोठ्या कंपनीशी तुमचा जोड आयपीवर आहे ना?"

"ते कमर्शियल मॅटर आहे."

"म्हणजे आहे. मग पॉलिसीही आहे. एकाला देता ते दुसऱ्याला नाकारता येत नाही, मेहता. हे मला ऑर्डरमध्ये लिहायला लावायचं, की तुम्ही स्वतःहून तारीख देता?"

मेहता फोन घेऊन बाहेर गेले. आत आले ते तारीख घेऊनच.

जोड ठरल्याप्रमाणे सुरू झाला. सुनीताताईंच्या टेबलावरचा फोन सकाळी वाजायला लागला. पाटलांनी ॲपवरचा दाब काढला. मी न सांगता जाऊन पुन्हा टेस्ट घेतली, आवाज स्वच्छ होता. त्यांचे टेलिफोन त्यानंतर फारसे खपले नाहीत. ब्रॉडबँड मात्र खपलं, कारण त्यावर ॲपचे कॉल नीट लागायला लागले होते. आता भेटले की पाटील चहा विचारतात, मी नको म्हणते.

या नोकरीत एक पक्कं कळलं. ओपन नेटवर्क प्रत्येक कंपनीला हवं असतं, फक्त ते दुसऱ्याचं. म्हणून टेस्ट दोन्हीकडची घ्यायची, आणि तक्रारदाराची आधी.