रेषेवर बसलेला राजा

फरशीवाल्याचे गुडघे त्याच्या आधी म्हातारे झाले. उभा जन्म तो लोकांच्या घरात गुडघ्यांवरच चालला. फरशी बसवली, की गाल जमिनीला टेकून एका डोळ्यानं सांधे बघायचा. कुठं केसभर वाकडं दिसलं, की अंगठ्यानं सारायचा. तसा अंगठा माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

आठवडाभर फरशी आणि सुट्टीला बुद्धिबळाची स्पर्धा. रेटिंगच्या यादीत तो अगदी तळाला लोंबकळत होता. बायकोला त्यानं शब्द दिला होता, "यादीतून नाव गेलं, की स्पर्धा बंद." त्या दिवशी शेवटच्या डावात बरोबरी झाली तरी नाव राहणार होतं. समोर आली कॉलेजातली मुलगी, रेटिंगनं याच्या कितीतरी वर.

दुपारभर तिनं त्याला पिळून काढलं. पण गडी चिवट. शेवटी त्याचा राजा तिच्या प्याद्याच्या वाटेत ठाण मांडून बसला. आता राजाला हलवायचं नाही, नुसता उंट मागंपुढं करत राहायचं, की बरोबरी. मुलगीही जांभया देऊ लागली होती.

त्याची पाळी होती. डोळे जड झाले होते. राजा घराच्या मधोमध नव्हता, रेषेवर चढला होता. अंगठा आपोआप पुढं गेला आणि राजा सरळ बसवून आला.

"काका, हात लावलात," मुलगी हळूच म्हणाली.

"नीट केला गं."

"आधी सांगायचं असतं ना."

पंच आले. नियम साधा. न सांगता ज्या मोहऱ्याला हात लावला, ते हलवावंच लागतं.

"तुमचं काही म्हणणं?" पंचांनी विचारलं.

"काही नाही. लावला हात."

त्यानं राजा बाजूला घेतला. प्यादं मोकळ्या वाटेनं निघून गेलं. डाव गेला, नावही गेलं.

बाहेर व्हरांड्यात बायको बसली होती. तोंड पाहूनच तिला कळलं.

"काय झालं?"

"राजा वाकडा बसला होता."

"मग बसू द्यायचा. तिथं कोण घरमालक बघायला येणार होता?"

तो हसला नाही. कठडा धरून जिना उतरू लागला.

"शब्द दिलाय. संपलं आता."

"मी काही म्हटलंय का?" तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली. "घरी खेळा की."

"घरी कुणाशी?"

ती एक पायरी पुढं उतरली आणि त्याच्या हाताखाली आपला खांदा दिला.