बर्फावरचं घोंगडं

कुपवाडला आमच्या कारखान्यात फायबरच्या पाण्याच्या टाक्या होतात. मी धनाजी, ग्राइंडिंगवर. नियाज साच्यावर. मिरजेचा माणूस, चाळिशी उलटलेला, हाताला कायम रेझिनचा वास. बोलणं कमी, पण डोक्यात एखादं खूळ शिरलं की मग बाहेर निघायचं नाव नको. उरलेल्या मालातून, मालकाला विचारून, त्यानं एक कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची होडी, बनवली. लांबडी, पिवळी, मधे बसायला एक भोक, मागं सामानाला दुसरं. आम्ही तिला काकडी म्हणायचो.

"काकडीत बसून कृष्णेत मासं मारनार व्हय रं?" मी म्हणालो. "न्हाई घावलं तर म्हापुराला तरी उपेगी पडंल."

तो हसला नाही. रविवारी काकडी टेम्पोत घातली, म्हैसाळच्या अंगाला नदीत सोडली आणि गळ टाकून बसला.

मासे घावायचे, त्यात वाद नाही. चिलापी तर ढिगानं, नशीब असलं तर मरळ, एखादा कटला. भानगड पुढं होती. शिमगा सरला की आमच्याकडं ऊन असं तापतं की बोलायची सोय नाही. सकाळी धरलेला मासा दुपारी घरी पोचेपर्यंत बोट लावलं की आत जायचं. पहिल्यांदा त्यानं मला चिलापी दिली. सोबत्यानं दिलेलं नाकारू नये म्हणून घेतली. आमच्या मांजरानंही तोंड फिरवलं. समीनानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तर सांगूनच टाकलं, असला मासा परत आणला तर तुम्हालाच नदीत सोडून येईन.

मग त्यानं ते मनावर घेतलं. मासा लागला की तडफडत ठेवायचा नाही, डोक्यात एक दणका. कल्ल्याखाली सुरी मारून रक्त जाऊ द्यायचं, तिथंच पोट साफ करायचं. डब्यात खाली फोडलेला बर्फ, मधे मासा, वर परत बर्फ, आणि तळाला भोक, कारण वितळलेल्या पाण्यात मासा भिजत पडला की मऊ पडतो. डबा कशाचा, तर मिरजेच्या दवाखान्यांच्या गल्लीत औषधं येतात त्या थर्माकोलच्या खोक्याचा. मिरजेत त्यांना काय तोटा! एवढं सगळं बेस करूनही अकराच्या पुढं बर्फाचं पाणी. खोकं मागच्या भोकात उघड्यावर, वरून सूर्य, खालून तापलेलं फायबर. बर्फ तरी काय करणार?

आमच्या गेटवर बिराप्पा वॉचमन होता. जतच्या पुढचा धनगर. जन्म मेंढरांमागं गेला, मेंढरं विकल्यावर नोकरीला आला आणि गेटजवळच्या खोलीतच राहायचा. एका रविवारी दुपारी काकडी ठेवायला आलेल्या नियाजनं नासके मासे भिंतीपलीकडं फेकले, ते बिराप्पानं पाहिलं. म्हातारा असा तापला की ओव्हरटाइमला आलेला मी तर्रीवाली मिसळ खाताना थांबलो.

"जीव घेतलास त्याचा, आन् खाल्ला बी न्हाईस! पाप हाय ह्ये, नियाज. आमी मेंढरू कापतो, खरं त्येचं कातडंसुदिक वाया घालवत न्हाई."

नियाज मान खाली घालून उभा. म्हणाला, "मामा, बर्फच टिकत न्हाई. काय करू?"

बिराप्पा खोलीत गेला आणि आपलं रोजच्या वापरातलं काळं घोंगडं घेऊन आला. "ह्ये खोक्याला गुंडाळ. वरनं नदीचं पानी मारत ऱ्हा. थंडीला ऊब देती तीच लोकर उन्हाला आडवी पडती. आमी रानात दुधाची चरवी अशीच ठिवायचो."

"आन् तुमी?"

"मला उन्हाळ्यात काय करायचंय? खरं वैशाखात जत्रंला परत पायजे. हे एकच हाय."

ते 'एकच हाय' काय होतं, हे त्यानं तेव्हाच सांगितलं. गावच्या बिरोबाची पालखी जत्रेला त्याच्या दारात टेकते, आणि ती घोंगड्यावरच टेकवायची. पालखीचे चारही पाय घोंगड्यावर. घोंगडं पण नवंकोरं चालत नाही, पेटीत जपून ठेवलेलं चालत नाही. देव रानातला, त्याला माणसाच्या वापरातलंच लागतं. शिवाय त्यातली लोकर घरच्याच बाईनं कातलेली पाहिजे. ही लोकर त्याच्या बायकोनं, भामाबाईनं कातलेली. मेंढरं गेल्यावर तिनं लोकर कातायची चाती हातात धरली नव्हती. म्हणजे हे गेलं की दुसरं कुठून आणणार?

मी तेव्हाच नियाजला बाजूला घेऊन म्हणालो, "गड्या, नगं घेऊस. दुसऱ्याच्या देवाची वस्तू हाय." पण माझं ऐकतो कोण!

घोंगड्यानं कमाल केली, हे मात्र कबूल. दुपारी दोनला खोकं उघडलं तर आत बर्फाचे खडे शाबूत. मासा ताठ, डोळा चकचकीत, कल्ले लालभडक. मला दिलेला मरळ बायकोनं तळला आणि मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. समीना गल्लीभर सांगत सुटली. नियाज दर सोमवारी गेटवर उभा राहून बिराप्पाला सांगायचा, "मामा, एक बी वाया गेला न्हाई." म्हातारा मासे खात नव्हता, पण खूश व्हायचा.

वैशाख लागला. जत्रा तोंडावर आली. आणि नियाजच्या ध्यानात आलं की घोंगड्याला वास मारतोय. साधा नव्हे, लय. उन्हात टाकलं, वाऱ्यावर टाकलं, वास जाईना. हे देवाच्या पालखीखाली कसं अंथरायचं? बिचारा हबकला. आणि हबकलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं, कुणाला न विचारता केलं. आमच्या धंद्यात साचा चिकट झाला की उकळतं पाणी, सोडा आणि रगडणं, हे एकच औषध. त्यानं टाकीचं एक अर्धं कवच घेतलं, त्यात कढत पाणी ओतलं, सोडा टाकला आणि गमबूट चढवून पायानं घोंगडं तुडवलं. चांगलं दमेपर्यंत.

बाहेर काढलं तेव्हा घोंगडं आटलं होतं. लांबीला घटलं, रुंदीला घटलं आणि जाडजूड झालं. धरून ओढलं, दगड ठेवून ताणलं, काही उपयोग नाही. वास मात्र थोडा उरलाच होता! करायला गेलो एक नि झालं भलतंच, ते हे असं.

मी म्हणालो, "बाजारातनं काळं घोंगडं आन. काळ्यात काळं, कोन वळखतंय?"

तो माझ्यावर खेकसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मामी वळखंल. तिच्या हातचा धागा हाय. आन् मामा देवाला खोटं अंथरंल व्हय?"

घोंगडं जत्रेला घेऊन ये असं नियाजला सांगून बिराप्पा सुटी घेऊन आधीच गावी गेला होता. जत्रेच्या सकाळी नियाज माझ्या गाडीवर मागं बसला, मांडीवर घोंगड्याची घडी. जत ओलांडून बिराप्पाचं गाव गाठलं. खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती.

बिराप्पाच्या दारात सडा पडला होता. म्हाताऱ्यानं घडी हातात घेतली, उलगडली आणि तशीच धरून उभा राहिला. नियाजनं सगळं सांगितलं. पाणी, सोडा, पाय, सगळं. काही लपवलं नाही. "मामा, मला मारा," म्हणाला.

भामाबाई आतून आली. ठेंगणी, कपाळाला मोठं कुंकू. घोंगडं ओढून घेतलं, नाकाला लावलं, बोटांत चुरगाळलं. "लोकरीला कढत पानी? आरं, आईनं कायच शिकवलं न्हाई का रं तुला?" म्हणाली आणि मटकन उंबऱ्यावर बसली. डोळ्याला पदर लावला. नियाज कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभा. तेवढ्यात ढोल जवळ आले.

दुसरं काही करायला वेळच नव्हता. बिराप्पानं तेच अंगणात अंथरलं. पालखीबरोबरचा एक जण नाक मुरडून म्हणाला, "बिरापा, मासळीचा वास मारतुय की रं! आन् ह्ये काय, पोराचं हाय?"

"वापरातलंच लागतंय न्हवं देवाला?" बिराप्पा म्हणाला. "मग? ह्ये वापरलंय."

पालखी खाली आली. पहिला पाय घोंगड्यावर, दुसरा, तिसरा. चौथा पाय मातीवर येत होता. भोयांनी पालखी सरकवली, तर दुसऱ्या बाजूचा बाहेर. परत उचलली. ढोल थांबले. बिराप्पाचा चेहरा मला बघवेना. एवढ्या वर्षांचा मान त्याच्याच दारात मोडत होता.

भामाबाई उंबऱ्यावरून उठली. चालत आली, घोंगड्याच्या उणं पडलेल्या कोपऱ्याशी बसली आणि आपला पदर त्याला लावून मातीवर पसरला. "टेकवा," म्हणाली.

चौथा पाय पदरावर टेकला. चांगभलं झालं, भंडारा उधळला, ढोल सुरू झाले. पालखी उठेपर्यंत ती तशीच वाकून बसून राहिली, पिवळीधमक होऊन.

मग पदर झटकून ती नियाजकडं आली. तो अजून भिंतीशीच, हुंदके देत.

"मासं थंड ऱ्हायलं का?" तिनं विचारलं.

"ऱ्हायलं, मामी."

"मग रडतुस कशाला? कुणाची तरी लोकर आणून दे. म्हाताऱ्याला नवं कातते, फुडच्या जत्रंपतूर वापरून जुनं हुईल." तिनं आटलेलं घोंगडं गोळा करून त्याच्या छातीवर आदळलं. "ह्ये तू ने तुज्या मासळीला. खरं पुन्हा कढत पानी घातलंस, तर तंगडं मोडीन."