राणीच्या कपाळावरचं कुंकू

मी भुताखेताला मानणारी बाई न्हाई. हे आधी सांगते, मंग बाकीचं. दगडखानीत काम केलेल्या बाईला भुताला भ्यायला येळ कुठला... आमी सुरुंगाला भ्यायचो, मुकादमाला भ्यायचो. देवाला हात जोडते, पन उतारा, लिंबू, अंगात येनं — ह्यातलं काय बी म्या घरात शिरू दिलं न्हाई. तरी बी जे झालं ते झालं.

मी चौथीपातुर शिकलेली. मोबाईलवर लिवायला येत न्हाई. मी बोलते आन् माजी नात सायली लिवून घेती. लगीन झालंय तिचं, चार दिस माहेरपनाला आलीया. तिला म्हनलंय, माजी भाषा सुधरू नगंस. जसं बोलते तसंच लिव.

आमी दिघ्याला राहतो, डोंगराच्या अंगाला, पान्याच्या टाकीच्या मागं. मूळ गाव सातारकडचं. लगीन झाल्यावर मालकांसंगं हिकडं आले ती हितलीच झाले. मालक म्हंजे सायलीचे आजोबा. दोगं बी वरच्या खानीत कामाला व्हतो. माजा दत्ता धा वर्सांचा असताना एक दिस सकाळी मालक म्हनले, "तळोज्याला कंपनीत मानसं घेत्यात म्हनं, बघून येतो." खानीच्या ट्रकात बसून गेले. ते काय आले न्हाईत.

बत्तीस वर्सं झाली त्याला.

चौकीत नाव लिवलं. दवाखाने बघितले. मेलेली मानसं ठेवत्यात तिथं बी जाऊन चादरी उचलून बघितल्या. कोन म्हनं पनवेलला दिसले, कोन म्हनं मिरजंला हाटेलात. म्या समद्या ठिकानी जाऊन आले. बारा वर्सं झाली तवा गावचा धाकला दीर म्हनला, "वहिनी, आता दर्भाचा पुतळा करून दहन करू. तुमी बी मोकळ्या व्हाल." म्या म्हनलं, भावजी, मानूस मेल्याचं कोन बघितलंय? तुमी बघितलंय? मंग मी कुंकू कशी पुसू?

तवापास्नं कुनी इचारलं न्हाई. मी रोज मेन लावून वर रुपयायेवढं कुंकू लावते. खान बंद झाली, मंग ऐरोलीत फ्लॅटमदी धुनी-भांडी केली, दत्ताला मोठं केलं, त्याचं लगीन केलं. कुंकू तसंच.

आता सायलीच्या लग्नाचं. सायली ऐरोलीला आफिसात कामाला. कंप्युटरवर जाहिराती, पत्रिका, फोटो असलं करती. पोरगा चांगला मिळाला, घनसोलीचा. बोलाचालीला त्याची आई आली व्हती. चहा झाला, मानपान झालं. मंग ती म्हनली, "मुलाची उष्टी हळद घेऊन आम्ही येऊ. मुलीला पहिली हळद कोण लावणार?"

सायली पटकन म्हनली, "माझी आजी."

त्या बाईनं माज्या कपाळाकडं बघितलं. मंग दत्ताकडं. "आजोबा... आहेत ना?"

दत्ता खाली बघून म्हनला, "म्हाईत न्हाई ओ. हायेत का न्हाईत, आमाला कुनालाच म्हाईत न्हाई."

"माझं काही नाही हो," ती म्हनली. "पण माझ्या मुलाच्या अंगावरची हळद... सवाष्णीच्या हातानं लागलेली बरी. तुम्ही विचार करा."

ती गेल्यावर सायली लई तडतडली. "आजीच लावणार. नाहीतर मी हळदच लावून घेणार नाही." माजी सून मंगल म्हनली, "अगं, लगीन मोडशील बाई." मी कपबशा गोळा केल्या. पन बत्तीस वर्सांत पयल्यांदा कुनीतरी तोंडावर इचारलं व्हतं, तू कोन हायेस... सवाशीन का रांडाव?

लग्नाला वीस दिस व्हते. सायलीनं डोक्यात घेतलं, हॉलच्या दारात मोठा फ्लेक्स लावायचा. त्याच्यावर माजा फोटो. साधा न्हाई — रानीचा! म्हनं हल्ली समदे करत्यात. म्हनली, "आजी, त्यांच्या लोकांनी आत येताना आधी तुला बघायचं."

रयवारी दुपारी तिनं मला दारात उजेडाला बसवलं आन् मोबाईलवर फोटो काढला. मंग पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून बसली. माजं नुसतं मुंडकं कापलं आन् तिसऱ्याच बाईच्या अंगावर बसवलं. जरीचं लुगडं, गळ्यात पाच पदरी माळ, मागं ढग, ढगात राजवाडा.

"आजी, मुकुट कसला पाहिजे?"

"मुकुट नगं. खुर्ची दे पाठ टेकायला."

"सिंहासन दिलंय ना! बाजूला हत्ती ठेवू?"

"ठेव. पन त्याला चारा तुजी सासू घालंल."

मंगल चुलीपुढनं हसली. समदं चांगलं चाललं व्हतं. सायलीनं तोंडावरचे डाग काढले, सुरकुत्या थोड्या ठेवल्या — "सगळ्या काढल्या तर तू आजी वाटणार नाहीस." मंग तिनं ते सेव्ह केलं आन् मोठं करून दाखवलं.

फोटोत माज्या कपाळावर कुंकू नव्हतं.

"अगं, कुंकू कुठाय?" मंगल म्हनली.

"डाग काढायच्या टूलनं उडवलं असेल. त्याला डागच वाटला तो." सायली हसली. "थांब, परत आणते."

मी हसले न्हाई. मी फोटोकडं बघत व्हते. कुंकू गेलं तर तिथं कातडं दिसाय पायजे. साधं कातडं. तिथं वन व्हता, जुन्या जखमेचा.

हे कुनालाच म्हाईत नव्हतं, म्हनून सांगते. दत्ता अंगावर पीत व्हता तवाची गोष्ट. खानीत दगड फोडताना कपची उडाली आन् माज्या कपाळात घुसली. रगात डोळ्यात आलं. मालक बाजूलाच. त्यांनी बोटानं कपची काढली, हळद दाबली, डोक्याचं फडकं फाडून बांधलं. म्हनले, "कुनाला सांगू नगं, मुकादम कामावरनं काढंल. उद्यापास्नं कुंकू मोठं लाव." तवापास्नं मी कुंकू मोठं लावते. आंघोळ झाली की मोरीतच लावून भायेर येते. पोटच्या पोराला बी तो वन कधी दिसला न्हाई. वाकडा, डाव्या बाजूला वर गेलेला.

फोटोत तसाच. वाकडा, डाव्या बाजूला वर गेलेला.

"आजी, हे काय आहे गं?" सायलीनं बोट लावलं. "हे मी नाही काढलं."

मी उठून मोरीत गेले. दार लावलं. आरसा घेतला आन् वल्या फडक्यानं कुंकू पुसलं. दिवसाढवळ्या असं पयल्यांदाच. वन बघितला. तोच. परत मेन लावलं, कुंकू लावलं, भायेर आले. म्हनलं, सायली, मूळचा फोटो दाव.

तिनं मोबाईल दावला. त्यात कुंकू हाय. चांगलं ठसठशीत. वन दिसायचा प्रश्नच न्हाई.

मंग मी तिला समदं सांगितलं. ती म्हनली, "आजी, टेन्शन घेऊ नको. सॉफ्टवेअर बाजूची कातडी बघून काहीतरी भरतं. योगायोग असेल." तिनं ते टूल बंद केलं. सोता हातानं लाल रंग लावला. सेव्ह केलं, बंद केलं, उघडलं — न्हाई. वन हाय, कुंकू न्हाई. चंद्रकोर काढून बघितली. ती बी गेली. मंग तिनं मंगलचा फोटो घेऊन तिला बी तसंच रानी केलं. मंगलची टिकली जागच्या जागी!

दुसऱ्या दिशी आफिसातल्या कंप्युटरवर केलं. तिथं बी तेच. तिच्या आफिसातली पोरगी म्हनली फाईल खराब असंल. नवी फाईल केली. तेच.

सांगते तुमाला, त्या दिसांत फोन वाजला की मी लगीच उचलायची न्हाई. बत्तीस वर्सं मी बातमीची वाट बघितली, आन् आता वाटायचं, नगं, बातमी नगं... लगीन हून जाऊ द्या. एक दिस गावच्या दिराचा फोन आला. "वहिनी," म्हनला आन् थांबला. तर म्हनतो, "बस कुठनं पकडायची, ठान्याला उतरू का ऐरोलीला?" म्या त्याला असं झापलं, त्या बिचाऱ्याला कळंना काय चुकलं.

मंगल एक दिस हळूच म्हनली, "आई, तो फोटो ऱ्हाऊ द्या. हळद माजी बहीन लावंल. तुमी फकस्त अक्षता टाका." तिचं बी बरोबर. ती पोरीची आई. पन मला वाटलं, आता मागं सरले तर म्हंजे मीच म्हनले की मालक गेले. दहन न करता, कुनी न सांगता, मीच म्हनले.

शेवटी सायलीनं एक केलं. फ्लेक्सवाल्याला फाईल दिली आन् सांगितलं, कुंकू तुमीच तुमच्या मशीनवर टाका. त्यानं टाकलं. छापल्यावर फोटो पाठवला मोबाईलवर. कुंकू व्हतं! आमी तिघींनी बघितलं. सायली नाचायला लागली. मला बी त्या दिशी भाकर गोड लागली.

हळदीच्या दिशी दुपारी हॉलवर गेलो. फ्लेक्सवाल्याची मानसं गुंडाळी घेऊन आली. दारात बांबूला बांधून सोडली. वरनं खाली उलगडत आला — ढग, राजवाडा, मुकुट... आन् माजं कपाळ.

मोकळं. वन यवढा मोठा झाला व्हता, माज्या हाताच्या बोटायेवढा.

सायली बांबूकडं पळाली. "काढा तो! काढा!" फ्लेक्सवाल्याची मानसं म्हनत्यात, "ताई, आम्ही दुकानातून बांधताना टिकली बघितली होती." मंगलनं मोबाईल काढला. त्या फोटोत कुंकू अजून हाय. समोर न्हाई. तेवढ्यात कुनीतरी वरडलं, "आले, हळद घेऊन आले!" गाडी दारातच थांबली.

मला अजून कळत न्हाई, कुठनं बळ आलं. पूजेच्या ताटातनं कुंकवाचा करंडा उचलला. मेन नव्हतं, मंग तेलात कालवलं. पिलास्टिकची खुर्ची वडली आन् त्याच्यावर चढले. गुडघे दुखत्यात माजे, दत्ता पळत आला, "आई, पडशील!" म्या म्हनलं, धर खुर्ची आन् गप ऱ्हा.

वर चढले आन् त्या मोठ्या कपाळाम्होरं तोंड करून हळूच बोलले. कुनाला ऐकू गेलं नसंल, खाली बँडवाल्यानं पिपानी चालू केली व्हती. म्हनलं, "मालक, सांगायचं असंल तर दारात येऊन तोंडानं सांगा. पोरीच्या फोटोतनं सांगू नगा. बत्तीस वर्सं झाली, मी पत्ता बदलला न्हाई."

आन् कुंकू लावलं. वन झाकंस्तवर लावलं. तेल खाली वघळलं, नाकापातुर लाल रेघ आली. पुसली न्हाई.

खाली उतरले तर पोराची आई समोर उभी. हातात हळदीची वाटी. तिनं वर फ्लेक्सकडं बघितलं, मंग माज्या लाल हाताकडं. म्हनली, "हे... आत्ता लावलंत?"

"व्हय. छापताना राहिलं व्हतं."

म्या वाटी धरली. एक घडी तिनं बी धरून ठेवली व्हती. मंग सोडली.

सायलीला पयली हळद म्याच लावली. पायाला, गुडघ्याला, खांद्याला, गालाला. माज्या बोटाचं कुंकू बी त्यात मिसळलं. पोरगी रडत व्हती आन् हसत व्हती.

आता झालं त्याला आठ म्हयनं. पोरगी सुखात हाय. सासू मला फोन करती, "आजी, गुडघे कसे आहेत?" इचारती. मालकांची बातमी आली न्हाई. मेल्याची न्हाई, जिवंत असल्याची बी न्हाई. सायलीनं कितीक लोकांना ती फाईल दावली, कंप्युटर शिकलेल्यांना. कोन म्हनं व्हायरस, कोन म्हनं ॲपची चूक. म्या इचारलं, मंग ॲपला माजा वन कुनी दावला? तुमच्यातल्या कुनाकडं उत्तर असंल तर सांगा.

मला एवढंच कळत न्हाई, आन् रोज मोरीत कुंकू लावताना बोट कपाळाशी थांबतं ते त्याच्यापायीच. त्या वनाचं म्हाईत असलेला मानूस एकच. त्यानं माजं कुंकू पुसलं म्हनायचं... का जखम भरली का न्हाई, ते बघायला नुसतं बाजूला सारलं?

बोट थांबतं. मंग लावते.