सुईणबाईंचा हातगुण

सुईणबाईंच्या हाताला गुण आहे, असं सगळं गाव म्हणायचं. त्या म्हणायच्या, "माझं काय त्यात? करणारा वर बसलाय."

गेल्या वर्षी त्यांची एकुलती एक लेक बाळंतपणाला आली आणि बाळासकट त्यांच्याच हातात गेली. तेव्हापासून बाईंनी काम सोडलं, प्रार्थनाही सोडली. देव नाहीच, असं स्वतःला बजावत त्यांनी वर्ष ढकललं.

परवा दुपारी शेजारीण धावत आली. "बाई, सुनेच्या कळा वाढल्यात. डॉक्टर बाहेरगावी गेलाय, पण पोर काही त्याची वाट बघत थांबणार नाही!"

"माझा आता कशावर विश्वास नाही गं."

"आमचा तुमच्यावर आहे. चला."

बाळ आडवं होतं, अगदी लेकीचं होतं तसंच. बाईंनी हात धुतले आणि देवाकडे काहीही न मागता काम केलं. तासाभरात बाळ रडलं.

"देवानं ऐकलं हो!" म्हणत शेजारीण त्यांना बिलगली.

बाई घरी येऊन लेकीच्या खाटेवर बसल्या. देव असेलच, तर लेक गेली त्या दिवशी त्यांनी घसा फोडून मागितलेलं त्यानं ऐकलं होतं आणि नाही म्हटलं होतं. त्यांना रडूही येईना.