मेथी खाल्ली कोणी

शेळीवर खोटा आळ घेतल्याबद्दल मी आयुष्यात एकदा माफी मागितली आहे. ती मला दोनदा मागावी लागली, कारण पहिल्यांदा नीट ऐकू आली नाही, असं शेळीच्या मालकिणीचं म्हणणं पडलं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जालन्याच्या एमआयडीसीमागं तेव्हा नवं प्लॉटिंग पडलं होतं. त्याआधी तिथं ज्वारीची रानं आणि बोरी-बाभळी होत्या. आता चुन्याच्या रेघा होत्या आणि त्या रेघांत आमच्या दोन खोल्या. मी एका बियाण्याच्या कारखान्यात होतो. काम काय, तर भरलेल्या पिशव्यांची तोंडं मशीनवर शिवायची आणि लेबल सरळ लागलंय का ते बघायचं. पण 'बियाण्यात आहेत' एवढं कानावर पडल्यावर कॉलनीतली माणसं मला शेतीतलं विचारायला लागली आणि मीही चिमूटभर माती उचलून तिचा वास घ्यायला लागलो. (मातीला मातीचा वास येतो, यापलीकडं मला त्यातून काही कळत नव्हतं.)

एवढी अब्रू कमावल्यावर घरामागच्या जागेत भाजी लावणं भागच होतं. दिवाळीनंतर मेथी, पालक आणि गाजरं टाकली. परतूरकडून सासऱ्यांनी कुंपणासाठी टेम्पोभर पऱ्हाट्या पाठवल्या. कपाशी निघाल्यावर उरलेल्या त्या वाळक्या काड्या मी निम्म्या रोवल्या आणि उरलेल्यांचा कोपऱ्यात ढीग घातला. मेथी उगवली तशी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. वीतभर झाली तेव्हा पुन्हा दाखवली. आणि एका सकाळी पाहतो, तर निम्मा वाफा गायब.

गुन्हेगार शोधायला मला फार वेळ लागला नाही. शेजारी गयाक्का राहायच्या. अंगणवाडीत ताई होत्या, नवरा वारलेला, मुलगी सासरी. घरात त्या आणि त्यांची चंपी नावाची काळी शेळी. आमच्या दोघांच्या अंगणांत भिंत नव्हती, नुसती तार होती, आणि तारेत एक मोकळी जागा होती. तिथून माझी बायको सुमन आणि गयाक्का दिवसातून दहा वेळा इकडून तिकडं जायच्या. आमच्या दीड वर्षाच्या चिमीला गाईचं दूध पचत नव्हतं. तिच्यासाठी चंपीचं दूध रोज सकाळी त्याच वाटेनं यायचं. मी विचार केला, दूध ज्या वाटेनं येतं, त्या वाटेनं शेळीही येत असणार.

सुमन म्हणाली, आधी नीट बघा तरी. मी नीट बघायला थांबलो नाही. तारेजवळ जाऊन गयाक्कांना सांगितलं, की तुमची शेळी आमची मेथी खाते, तिला बांधून ठेवा. त्या म्हणाल्या, ती बांधलेलीच असते. मी म्हणालो, मग दोर लांब असेल. यावर त्या तडक वळल्या. आत गेल्या, दोर अर्ध्यावर आखडला आणि तारेतल्या मोकळ्या जागेत बोरीची काटेरी फांदी लावून टाकली.

दोन दिवसांनी पालक गेला.

आता मात्र मी पुराव्यानिशी जायचं ठरवलं. वाफ्यात लेंड्या पडलेल्या होत्या. कारखान्यात नमुन्याच्या लहान पिशव्या असतात, त्यातली एक घेऊन मी तीत दहा-बारा लेंड्या भरल्या आणि सवयीनं तोंड दुमडून वर तारीखही घातली. गयाक्कांनी पिशवी उघडली, एक लेंडी तळहातावर घेतली, चंपीच्या पायाखालची दुसरी उचलून शेजारी ठेवली आणि हात माझ्या नाकासमोर धरला.

"ही गोल अन् वाळकी. ही लांबट अन् काळी. भाऊ, तुम्ही बियाण्यात आहात न? दोन्ही एकच दिसून राह्यलं का तुम्हाला?"

फरक दिसत होता. तरी मी म्हणालो, ऊन लागलं की आकार बदलतो.

त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. माझ्याशी नाही तर नाही, पण सुमनचाही संध्याकाळचा चहा बंद झाला. त्याबद्दल सुमन मला काही बोलली नाही. तिनं फक्त माझ्या चहातली साखर बंद केली. चिमीचं दूध मात्र चुकलं नाही. रोज सकाळी त्या काटेरी फांदीपलीकडून एक हात यायचा, दुधाचा तांब्या दगडावर ठेवायचा आणि परत जायचा. चिमी "अक्का, अक्का" करत तारेकडं धावायची. पलीकडून उत्तर यायचं नाही, पण तो हात फांदीशी क्षणभर थांबायचा. ते मी रोज पाहायचो आणि रोज दुसरीकडं बघायचो.

मग गाजराचा पालाही गेला. या वेळी सुमन वाफ्यात बसली आणि तिनं देठ निरखून पाहिले. देठ तिरपे कापलेले होते, ब्लेडनं कापावेत तसे. शेळी ओरबाडून खाते, मुळासकट उपटते, असं तिनं मला समजावून सांगितलं. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला, की हे काम माणसाचं आहे आणि गयाक्का स्वतः विळा घेऊन येतात. सुमननं कपाळाला हात लावला आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी गोधडी पांघरून पाण्याच्या टाकीमागं दबा धरला. थंडी बरीच होती. अर्धा तास गेला, पाय बधिर झाले, आणि पऱ्हाट्यांच्या ढिगातून दोन लांब कान वर आले.

ससा होता. चांगला मांजरापेक्षा मोठा, मातकट रंगाचा रानससा. आरामात बाहेर आला, मागच्या पायांवर बसून चहूकडं पाहिलं आणि उरलेल्या मेथीची एकेक काडी तिरपी कापून खायला लागला. मी ज्याच्यापासून भाजी राखायला पऱ्हाट्या आणल्या, तो त्याच पऱ्हाट्यांत राहत होता. सासऱ्यांचा खर्च, माझी मेहनत आणि त्याचा संसार.

अशा वेळी शहाण्या माणसानं हळूच जाऊन शेजारणीला बोलावून आणलं असतं. मला वाटलं, ससा पकडून गयाक्कांच्या दारात ठेवावा, म्हणजे माफी मागायला तोंड तरी राहील. मी गोधडी दोन्ही हातांत धरली आणि झेप घेतली.

गोधडीत मेथी सापडली. ससा तारेखालून गयाक्कांच्या अंगणात गेला. त्याच्यामागं मीही गेलो, काटेरी फांदीसकट. तो चंपीच्या पोटाखालून निघाला. मला ते जमणार नव्हतं, म्हणून मी बाजूनं वळलो आणि तिच्या दोरात पाय अडकून आडवा झालो. खुंटी उपटली गेली. ससा उजवीकडं वळून शिवारात गेला. चंपीनं मोकळं झालेलं पाहिलं, मी फांदी ओढून नेल्यामुळं उघडी पडलेली वाट पाहिली, आणि पहिल्यांदाच आमच्या अंगणात पाऊल टाकलं.

गयाक्का चूळ भरत बाहेर आल्या तेव्हा मी त्यांच्या अंगणात गोधडीत गुंडाळून पडलो होतो आणि त्यांची शेळी माझ्या अंगणात उरलेली मेथी मुळासकट खात होती.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, शेळीकडं पाहिलं. शांतपणे म्हणाल्या, "आता खाल्ली बघा तिनं."

आवाज ऐकून सुमन आली, समोरचे गुरुजी आले, दुधाच्या बरण्या सायकलला लावून निघालेला माणूस थांबला. मी सशाचं सांगत होतो आणि माझ्यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. ससा तर गेलेला. शेवटी सुमननं पऱ्हाट्यांचा ढीग जरासा उचकला. आत वाळल्या गवतात दोन पिल्लं होती. मुठीएवढी, डोळे उघडे, कान पाठीला चिकटवून इतकी निश्चल बसलेली, की मातीची ढेकळंच वाटावीत.

दूधवाला म्हणाला, सशाचं मटण लई चवदार असतं. गयाक्का त्याच्या आणि ढिगाच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. तो सायकल घेऊन गेला.

तेव्हा मी माफी मागितली. वर सांगितल्याप्रमाणे ती ऐकू आली नाही, म्हणून मोठ्यानं मागितली. गयाक्का पऱ्हाट्या पुन्हा होत्या तशा झाकत होत्या. माझ्याकडं न बघताच त्या बोलल्या.

"चंपीला चोर म्हणले, ते मी ऐकून घेतलं. पर दहा वर्सं लोकायची लेकरं सांभाळून राह्यले मी, भाऊ. तुमच्या चिमीच्या घासातलं मी कापून नेईन, असं वाटलंच कसं तुम्हाला?"

विळ्याचं त्यांना कुणी सांगितलं, ते मी सुमनला आजवर विचारलेलं नाही. चिमी तेवढ्यात तारेच्या वाटेनं पलीकडं पोचली होती आणि चंपीची रिकामी खुंटी चाटत होती. गयाक्कांनी तिला उचलून कडेवर घेतलं, तिचं तोंड पदरानं पुसलं आणि सुमनला म्हणाल्या, "चहा टाक. माझ्यात साखर जास्त." ती बोरीची फांदी परत लागली नाही.

ढिगाला कुणी हात लावायचा नाही, असं दोघींनी परस्पर ठरवलं. पिल्लं मोठी होऊन निघून गेली. निघून गेली म्हणजे फार लांब नाही. शिवारात प्लॉट वाढत गेले, बोरी-बाभळी तुटत गेल्या, आणि सशांना राहायला कॉलनीशिवाय जागा उरली नाही. दोनेक वर्षांत गुरुजींचा हरभरा गेला, कुणाची कोथिंबीर गेली, कुणाच्या झेंडूच्या कुंड्या नुसत्या काड्यांच्या राहिल्या. सकाळी फाटक उघडलं की एखादं कानवालं पायरीवर बसलेलं असायचं आणि माणसालाच आधी दचकायला व्हायचं.

एका रविवारी सगळे मिळून माझ्याकडं आले. सशांचा पहिला अनुभव माझा, शिवाय मी बियाण्यातला, तेव्हा बंदोबस्त मीच सुचवावा, असं ठरलं होतं. कुणी फासे लावायचं म्हणत होतं. गयाक्का चिमीला घेऊन दारातच बसल्या होत्या आणि माझ्याकडं एकटक बघत होत्या. मी चिमूटभर माती उचलली, वास घेतला आणि सांगितलं, की ससे कोरफड खात नाहीत. माझ्या अंगणात तेव्हा कोरफडीशिवाय काही उरलंच नव्हतं, म्हणून मला हे ठाऊक होतं.

लोकांनी ऐकलं. अजूनही आमच्या गल्लीत दारोदार कोरफड आहे. बियाण्याच्या कारखान्यात मी पुढं वीस वर्षं काढली आणि शेतीतला माझा एकच सल्ला लोकांनी मनापासून मानला. तोही अशा झाडाचा, ज्याचं बी आमच्या गल्लीत अजून कुणी पाहिलेलं नाही.