चष्मा तेवढा ऐकू आला

तर यंत्र तिसऱ्यांदा नापास झालं, इथवर काल आलो होतो. नापास केलं कोणी? एका माणसाच्या दोन कानांनी. कार्यशाळेत त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि तोंडाने नको नको म्हणत असला तरी त्याला ते मनातून आवडायचं.

यंत्राचं काम सांगायला सोपं. सैन्याच्या गाडीवर ते बसवायचं आणि समोरच्या फौजेच्या रेडिओत एवढी खरखर भरायची, की त्यांच्यातल्या एकाचं बोलणं दुसऱ्याला कळू नये. पण कळलं नाही हे ठरवणार कोण? सुया होत्या, आकडे होते, पडद्यावर नाचणाऱ्या रेघा होत्या. तरी शेवटी गाडी अडायची ती कानापाशीच. म्हणून एका खोलीत वाचणाऱ्या ताई बसायच्या. त्यांच्यापुढे शंभर कार्डं, कार्डावर एकेक शब्द: गाठ, पाठ, साठ, पूल, चूल, मूल. मुद्दाम एकमेकांसारखे, म्हणजे अंदाजपंचे लिहायची सोय नको. पत्ते पिसावेत तशी कार्डं पिसून ताई ती रेडिओवर वाचायच्या. मध्ये यंत्र आपली खरखर ओतायचं. आणि पलीकडे, भिंतींना फोम चिकटवलेल्या बिनखिडकीच्या खोलीत कानसेन हेडफोन चढवून, डोळे मिटून, जे ऐकू येईल ते पेन्सिलीने लिहायचा. दहा किंवा त्याहून कमी शब्द सापडले तर यंत्र पास.

कानसेनला एकदा अडतीस सापडले, मग एक्केचाळीस, मग चाळीस.

मुख्य इंजिनिअर मॅडमची दोन वर्षांची मेहनत होती ती. शुक्रवारी सैन्याचे अधिकारी बघायला येणार, आणि हा गडी रडक्या लाउडस्पीकरसारख्या गोंगाटातून 'चूल' आणि 'मूल' वेगळं काढून दाखवतोय. मॅडमनी खरखर बदलून पाहिली, वाढवून पाहिली, कानठळ्या बसतील इथवर नेली. वाचणाऱ्या ताई तर म्हणाल्या, काकांच्या कानाला आधी कुलूप लावा, मग यंत्र तपासा. कानसेन आपला मिशीत हसायचा. बावीस वर्षं त्या खुर्चीवर बसून कमावलेला कान होता तो.

बुधवारी सकाळी घरी काय झालं बघा. आत मिक्सर घरघरतोय, हा बाहेर पेपर वाचतोय. बायकोने मिक्सरच्या वरताण आवाज काढून काहीतरी विचारलं. यानेही मान वर न करता सांगून टाकलं, हो, ठेवलंय फ्रिजमध्ये.

मिक्सर बंद झाला. ती दारात येऊन उभी राहिली.

"अहो, माझा चष्मा फ्रिजमध्ये ठेवलात?"

ती रोज त्या वेळेला दूध आत ठेवलं का म्हणून विचारायची. आज विचारलं होतं चष्म्याचं. कानसेन सारवासारव करायला लागला, पण बायको कसली सोडते. म्हणाली, "ऐकता कुठे तुम्ही? मी रोज काय बोलते ते पाठ झालंय तुम्हाला, झालं. म्हणे कानसेन."

आता दुसरा कोणी असता तर कानाडोळा करून पेपर वाचत बसला असता. याला मात्र त्या बोलण्याने भलतंच कोडं घातलं. खोलीतही असंच होत असेल का? कार्डं पिसलेली, पण शब्द तेच शंभर, बावीस वर्षं. 'ऊल' असं शेपूट कानाला लागलं की ताई मधेच श्वास कसा घेतात त्यावरून तो चूल लिहायचा की पूल? त्याला धड सांगता येईना. असं निघालं तर खुर्ची गेली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, ती भांडारात स्क्रू मोजत काढावी लागणार. पण खाज काही केल्या जाईना. शेवटी त्याने वहीचं कोरं पान बायकोपुढे धरलं आणि तिला शंभर शब्द लिहायला लावले, गाठ-पाठच्याच घाटाचे, पण नवे. स्वतः तिच्याकडे पाठ करून बसला. अधूनमधून ती फिसकन हसायची, तेव्हा वळून बघायचा मोह त्याने कसाबसा आवरला.

गुरुवारी बंद पाकीट त्याने मॅडमच्या हातात दिलं आणि जे वाटलं ते जसंच्या तसं सांगितलं. मॅडमनी एकदा पाकिटाकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ताईंना बसवलं.

खरखर सुरू झाली. कानसेनने डोळे मिटले. पलीकडून येणारा प्रत्येक शब्द म्हणजे नुसता रेतीचा ढीग. पेन्सिल हातात तशीच. शंभर संपले तेव्हा कागदावर सहा शब्द होते, त्यातले पाच अडखळत लिहिलेले. सहावा मात्र ठसठशीत, अगदी शेजारी बसून कोणी सांगितल्यासारखा: चष्मा. बायकोने तो मुद्दाम घुसडला होता.

यंत्र पास. बाहेर टाळ्या पडल्या, ताईंनी कार्डांचा जुना गठ्ठा कपाटावर भिरकावला. मॅडम आनंदात होत्या, तरी बोलताना त्यांचा आवाज जरा उतरला. यापुढे दर वेळी नवी यादी आणि नवे ऐकणारे, म्हणाल्या. काकांची सोय भांडारात करू. कानसेन हातातल्या सहा शब्दांकडे बघत होता, ऐकून न ऐकल्यासारखा. मग मॅडमना राहवेना.

"पण काका, मग बावीस वर्षं तुम्ही ऐकत होता तरी काय?"

कानसेनने 'चष्मा'वर बोट ठेवलं.

"ओळखीचे शब्द, मॅडम. आणि समोरचा रेडिओवाला तरी दुसरं काय ऐकत असतो? थांबा, पुढे या, मागे फिरा. त्याला कोण रोज नवी यादी देतंय? मला चष्मा ऐकू आला, तसं त्याला 'मागे फिरा' ऐकू येणारच. नवी माणसं बसवा खुशाल, पण माझी खुर्ची आणि ती जुनी कार्डं हलवू नका. त्याच्यासारखा इथे मी एकटाच आहे, आणि माझ्याकडून यंत्र अजून नापास आहे."