बिनमिशीचा प्रयोग

वडील ठणठणीत असताना मी मिशी काढली. आमच्याकडे बाप गेला की मुलाची मिशी जाते, त्याआधी तिला वस्तरा लागत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या सकाळी तेवढं आठवलं नाही, इतकंच!

दोष टीव्हीचा. भंडाऱ्याला आमच्या गल्लीत तेव्हा टीव्ही आमच्याकडेच, त्यामुळे संध्याकाळी अर्धी गल्ली आमच्या सतरंजीवर. विज्ञानाची एक मालिका लागायची. त्यात एका शास्त्रज्ञाने हुबेहूब स्वतःसारखा यंत्रमाणूस बनवला, त्याला घरी धाडलं आणि स्वतः प्रयोगशाळेतच राहिला. बायको बिचारी त्या यंत्राला गरम पोळ्या वाढते आहे!

"वा! काय सोय आहे!" मी म्हणालो.

"सोय?" माझी बायको सुमन ताडकन वळली. "त्या बाईले कोणी इचारलं का? नवरा समजून परक्याले जेवू घालून राहिली ना ते!"

"परका कसा? तोच चेहरा, तोच आवाज."

"चेहऱ्यासंग लगीन लागलं होतं का तिचं?"

"मी तं पहिल्याच घासाले ओळखलं असतं," शेजारच्या गिरजाकाकूंनी निकाल दिला.

"आणि माझाच चेहरा बदलला तर?" मी सुमनला विचारलं.

"अंधारात ओळखीन!"

झालं! रविवारी ती स्वयंपाकात असताना मी न्हाणीघरात मिशी उतरवली. (तिला न विचारता. शास्त्रज्ञाने तरी कुठे विचारलं होतं?) कपड्यांवरून ओळखू नये म्हणून ट्रंकेतलं पांढरं धोतर नेसलो. चपला ओळखीच्या, म्हणून अनवाणी. अंगात सदरा नाही, खांद्यावर पंचा. मागच्या दाराने निघून पुढची कडी वाजवली आणि परक्यासारखी मान खाली घालून उभा राहिलो.

सुमनने दार उघडलं. क्षणभरच पाहिलं. आणि जो हंबरडा फोडला!

"मामाजी गेले वो ऽऽ!"

मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे वडील. म्हणजे मला ओळखलं होतं. पण तेवढ्यात गिरजाकाकूंनी धावत येऊन सूर धरला आणि आमची चूलही विझवली. त्यांच्या घरचे वामनराव सायकलवर टांग टाकून एसटी स्टँडकडे सुटले. "अगं, प्रयोग आहे हा! बाबा मजेत आहेत!" हे मी तोवर जमलेल्या चौघींच्या रडण्यावर ओरडून सुमनला पटवेपर्यंत पवनीच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर निरोप रवाना झाला होता. निरोप त्याच वाटेवरच्या कोंढ्याला. जिथे माझे वडील राहत होते!

पुढच्या गाडीने आम्ही दोघं मागोमाग निघालो. पँट-शर्ट चढवला, पण मिशी कुठून आणणार? एका म्हाताऱ्याने उठून मला जागा दिली.

"कधी गेले?"

"गेले नाहीत हो."

त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "सुरुवातीले असंच वाटते, बापू. मन मानत नाही."

सुमन माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत होती.

कोंढ्याला अंगणात तिरडीचे बांबू तोडून ठेवलेले. गाव गोळा झालेलं. मधोमध खाटेवर वडील, समोर अर्धं जेवलेलं ताट.

"मी भात खाऊन राहिलो, अन् लोकं मले रडाले आले!" ते गरजले. "माहा नंबर कधी लावाचा, ते मले तरी इचारशील का नाही?"

"बाबा, तो एक प्रयोग..."

"बाबा म्हणू नको! माह्या पोराले मिशी हाय. तू कोण होय?"

मी पायरीवर पाय ठेवला, तर त्यांनी काठी आडवी केली. गाव हसायला लागलं, ते मात्र हसत नव्हते. आता या घरात मला पुन्हा पाऊल टाकता येतं की नाही, असं मला खरोखरच वाटून गेलं.

मग ते सुनेकडे वळले. "सुनबाई, तूच सांग. हा तुहा नवरा होय का?"

सुमनने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. चांगला वेळ घेऊन.

"चेहऱ्याचं मी काही सांगत नाही, मामाजी," ती म्हणाली. "पण इतकं येडं डोकं दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही. हेच हायेत. येऊ द्या घरात."